गाळलेलं वाचायचं कसं? अल्पाक्षरी कथेच्या शैलीवर रसग्रहण लिहिताना

‘लेखकाची शैली साधी, सोपी व ओघवती असून ती वाचकाच्या मनाला भिडते.’ हे वाक्य दहापैकी आठ रसग्रहणांत सापडतं. ते कुठल्याही कथेखाली चिकटवता येतं, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. बी.ए., एम.ए.ला मराठी घेतलेले विद्यार्थी, वाचनमंडळात कथा मांडणारे, दिवाळी अंकांची परीक्षणं लिहिणारे, सगळे कमी शब्दांत लिहिलेल्या कथेपाशी येऊन अडखळतात. अलंकार नाहीत, प्रतिमा नाहीत, मग शैलीबद्दल बोलायचं तरी काय?

बोलायला भरपूर असतं, फक्त ते पानावर जे नाही त्यात शोधावं लागतं. काटकसर ही स्वतःहून काहीच सांगत नाही. छोटी वाक्यं सरकारी नोटिशीतही असतात. निवेदनातली रिकामी जागा आणि पात्रांच्या जगण्यातली न बोलली जाणारी जागा जिथे एकमेकींवर बसतात, तिथेच शैली आशयाचं काम करते. ती जागा शोधायची आणि पुराव्यासकट दाखवायची, एवढंच हे काम.

नमुन्याचा उतारा

छापील कथा घेतली तर ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांची पंचाईत होते, म्हणून इथे एक छोटा उतारा मुद्दाम रचून घेतला आहे. कथेत याआधी एवढंच आलंय असं धरा: जूनचा शेवट, शाळा उघडायला चार दिवस, नागपूरच्या इतवारी बाजारातलं शिंप्याचं दुकान, बाप आणि आठवीतला मुलगा.

शिंप्यानं टेप पोराच्या कमरेभोवती फिरवला. “चोवीस,” तो म्हणाला. वहीत लिहिलं. मग खाली बसला. कमरेपासून घोट्यापर्यंत टेप सोडला.

“छत्तीस. खाली तीन इंच दाबून ठेवतो. दोन साल निघून जाईन.”

“कायले?”

“वाढते ना पोरगा. मागच्या साली तुमीच म्हनलं होतं.”

बापानं दुकानाबाहेर पाहिलं. हातगाडीवरून कापडाचे तागे चालले होते.

“बरोबर मापाचीच शिवा.”

शिंप्यानं पेन्सिल कानामागे लावली. मग काढली. वहीतलं तीन खोडलं.

“शर्ट?”

“तो बी तसाच.”

टेपचं पितळी टोक पोराच्या हातात होतं. शिंप्यानं ते हळूच सोडवून घेतलं.

आधी मोजणी

कथा दोनदा नुसती वाचा, हातात पेन नको. मग झेरॉक्स काढा आणि तिच्यावर खुणा करा. पूर्ण कथेवर खुणा करायची गरज नाही. तीन हजार शब्दांच्या कथेतून आठ ते बारा वाक्यांचे दोनच तुकडे निवडा: एक, जिथे कथेतली सगळ्यात गंभीर गोष्ट घडते तो, दुसरा, जिथे काही विशेष घडत नाही तो. दुसरा तुकडा बहुतेक जण घेत नाहीत आणि तिथेच फसतात. लेखकाची रोजची चाल कशी आहे हे कळल्याशिवाय गंभीर जागी ती बदलली की नाही, हे सांगता येत नाही.

खुणा चार गोष्टींना करायच्या. पहिली, मनाची क्रियापदं: वाटलं, जाणवलं, आठवलं, कळलं. दुसरी, कारण जोडणारे शब्द: कारण, म्हणून, त्यामुळे. तिसरी, वर्णन करणारी विशेषणं आणि ‘कसं’ सांगणारी क्रियाविशेषणं. चौथी, बोलण्याच्या शेपट्या: म्हणाला, उद्गारला, पुटपुटला. यांच्या जोडीला प्रत्येक निवेदनवाक्यातले शब्द मोजा.

वरच्या उताऱ्यात निवेदनाची बारा वाक्यं आहेत आणि सगळ्यात लांब वाक्य सहा शब्दांचं. मनाचं क्रियापद एकही नाही. कारण जोडणारा शब्द एकही नाही. ‘म्हणाला’ एकदाच. वर्णनाचं विशेषण एक, ‘पितळी’. ‘कसं’ सांगणारं क्रियाविशेषण एक, ‘हळूच’.

पुष्कळ जण हे आकडे तसेच उत्तरात उतरवतात. नको. आकडे आपल्यासाठी असतात, कुठे थांबायचं ते दाखवायला. इथे ते ‘हळूच’पाशी थांबवतात. टेप फिरवला, सोडला, पेन्सिल लावली, काढली, यातलं काहीच कसं केलं ते सांगितलेलं नाही. फक्त मुलाच्या हातातून टोक सोडवताना सांगितलं आहे. हा शब्द एरवी कुणाच्या डोळ्यात भरला नसता. बाकीची जागा कोरडी ठेवल्यामुळे तो दिसतो. शिंप्याला काय समजलं आहे, ते सगळं या एका शब्दात आहे. त्याच्या तोंडी एखादं सहानुभूतीचं वाक्य घातलं असतं तर तेच फुकट गेलं असतं.

गाळलेली गोष्ट एका वाक्यात लिहा

हे वाक्य मनात ठेवू नका, कागदावर लिहा. ‘बाप मुलाला पुढच्या वर्षी शाळेत पाठवणार नाही.’ हे उताऱ्यात कुठेही नाही. ‘शाळा’ हा शब्दसुद्धा नाही.

आता या वाक्याला निदान दोन ठिकाणचा पुरावा हवा. एका जागेवर उभा केलेला अर्थ बहुधा आपण घरून आणलेला असतो. इथे मागच्या वर्षी बापानंच कापड दाबून ठेवायला सांगितलं होतं, ही एक जागा. या वर्षी तोच ‘बरोबर मापाचीच’ म्हणतो, ही दुसरी. शर्टालाही तेच लागू करतो, ही तिसरी.

मग मुद्दाम विरुद्ध अर्थ लावून पाहा. पैसे नसतील? तीन इंच कापडानं असा कितीसा फरक पडतो, आणि बाप कुठेही भाव विचारत नाही, घासाघीस करत नाही. हा अर्थ टिकत नाही. पुढच्या वर्षी शाळा बदलणार असेल आणि गणवेशाचा रंग वेगळा असेल? हा अर्थ मात्र एवढ्या उताऱ्यावरून खोडता येत नाही. बाप बाहेर पाहतो, शिंपी पेन्सिल लावतो आणि काढतो, या दोन थांब्यांमुळे तो अशक्त होतो, इतकंच. अशा वेळी ‘उरलेल्या कथेवरून ठरेल’ असं स्पष्ट लिहावं. परीक्षकाला ते आवडतं. न आवडलं तरी खरं तेच आहे.

भर घालून पाहा, काढून पाहा

गाळलेलं वाक्य जिथे बसलं असतं तिथे पेन्सिलनं घालून पाहायचं. ‘बापानं दुकानाबाहेर पाहिलं’नंतर हे लिहा: ‘पुढच्या वर्षी याला कामाला लावायचं हे त्यानं ठरवून टाकलं होतं, पण ते बोलायला त्याची जीभ रेटत नव्हती.’ वाक्य वाईट नाही. पण दोन गोष्टी बिघडल्या. शिंप्यानं ‘तीन’ खोडणं आता नुसती कृती उरली. आधी ती समजुतीचा क्षण होती, कारण वाचकाला आणि शिंप्याला एकाच वेळी कळत होतं. दुसरं म्हणजे मुलाच्या समोर ही गोष्ट बोलली जात नाही, हे दुकानातलं मौन मोडलं. बाप बोलत नाही आणि निवेदक मात्र त्याच्या वतीनं सगळं सांगून मोकळा होतो. मूळ उताऱ्यात निवेदक बापाइतकाच गप्प राहतो. शैली आशय दाखवते म्हणजे काय, ते या फरकातून लिहिता येतं.

उलट परीक्षाही करा. राहिलेल्या वाक्यांपैकी एकेक झाकून वाचा. ‘हातगाडीवरून कापडाचे तागे चालले होते’ झाकलं तर गोष्ट अडत नाही. मग ते का ठेवलं? एक तर बाप जे पाहतो ते तेवढंच आहे: इतवारीत रोज चालणारं. दुसरं, शिंप्याच्या ‘तुमीच म्हनलं होतं’नंतर बापाचं उत्तर यायला हवं होतं तिथे हे वाक्य बसलंय, म्हणून ते वेळ खातं. बापाला विचार करायला लागलेला वेळ वाचकाच्याही वाट्याला येतो. झाकल्यावर काहीच बिघडलं नाही असं वाक्य सापडलं, तर तेही नोंदवा. काटकसरी लेखकाच्या कथेतही भरतीची वाक्यं असतात आणि ती दाखवून दिल्यानं रसग्रहण कमी दर्जाचं होत नाही.

‘मग काढली’ हे दोन शब्दांचं वाक्य एका खास मराठी कारणासाठी पाहण्याजोगं आहे. आपल्याकडे ऊन-प्रत्यय लावून कृती माळेत ओवायची सोय आहे: ‘पेन्सिल कानामागे लावून, पुन्हा काढून त्यानं वहीतलं तीन खोडलं.’ अर्थ तोच, पण आता शिंपी न अडखळता काम करतोय. तीन वाक्यं केली की प्रत्येक पूर्णविरामाशी तो थांबतो. पेन्सिल कानामागे लावली म्हणजे काम संपलं असं त्याला वाटलं होतं. काढली म्हणजे त्याच्या लक्षात आलं. दोन्ही गोष्टी लेखकानं सांगितल्या नाहीत, विरामचिन्हांकडून करून घेतल्या. मराठी कथेत छोटी वाक्यं दिसली की आधी हाच प्रयोग करा: ती ऊन-प्रत्ययानं जोडून वाचा. जोडल्यावर काही हरवत नसेल, तर ती तोकडी वाक्यं केवळ सवय आहे.

कर्ता कोण, ते तपासा

या तपासणीला दहा मिनिटं लागतात आणि ती सहसा रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. प्रत्येक वाक्याचा कर्ता बाजूला लिहून काढा. उताऱ्यात शिंपी आहे, बाप आहे, तागे आहेत, टेपचं टोकही आहे. मुलगा नाही. निवेदनात तो दोनदा येतो आणि दोन्ही वेळा षष्ठीत: ‘पोराच्या कमरेभोवती’, ‘पोराच्या हातात’. तो बोलत नाही, काही करत नाही. त्याचं माप घेतलं जातं. अख्ख्या उताऱ्यात तो कर्ता होतो ते एकाच वाक्यात, आणि ते निवेदकाचं नाही, शिंप्याचं आहे: ‘वाढते ना पोरगा.’ त्याच्याविषयी निर्णय होतोय आणि त्यात त्याला शब्द नाही, ही गोष्ट व्याकरणानं सांगितली आहे. असा एक मुद्दा हाती लागला तर पूर्ण परिच्छेद त्याच्यावर उभा राहतो.

मराठीत क्रियापदावरून लिंग-वचन कळतं, त्यामुळे कर्ता गाळायची मुभा जास्त आहे. ‘मग खाली बसला’ मध्ये कर्ता नाही. अशा जागा शोधा, पण प्रत्येक गाळलेल्या कर्त्यातून तत्त्वज्ञान काढू नका. निम्म्याहून अधिक वेळा तो नुसता बोलीचा लहजा असतो.

संवादातली वऱ्हाडी

विदर्भातल्या कथेत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही मांडणी सर्रास दिसते. उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) वाचलेल्याला वऱ्हाडी संवाद नवे नाहीत. नागपूर 1956 पर्यंत हिंदी भाषक मुलखाबरोबर एकाच राज्यात होतं, राजधानीच होतं. म्हणून ‘साल’सारखे शब्द इथल्या बोलण्यात सहज येतात; त्याला लेखकाची गफलत समजू नये. ‘वाढते ना पोरगा’ किंवा ‘निघून जाईन’ ही रूपंही चूक नाहीत. इथे तो ‘वाढते’च आणि पँट ‘निघून जाईन’च.

अवतरण देताना ‘कायले’चं ‘कशाला’ करून टाकायचा मोह होतो. करू नका. ‘कायले?’ या एका शब्दात बाप घरच्यासारखा बोलतोय हे कळतं. शिंपी आणि बाप एकच बोली बोलतात, दोघंही एकमेकांना ‘तुमी’, ‘शिवा’ असं आदरानं बोलतात. म्हणजे इथलं मौन धाकामुळे नाही. तेच दुकानदार प्रमाण मराठीत बोलत असता आणि बाप वऱ्हाडीत, तर बापाचं गप्प होणं दबून जाणं ठरलं असतं. शब्द तितकेच कमी, अर्थ वेगळा. आणि निवेदकच वऱ्हाडीत सांगू लागला तर तो साक्षीदार राहत नाही, पारावर गोष्ट सांगणारा होतो. मग त्याच्या गप्प बसण्यात मिश्कीलपणाही शिरू शकतो.

गप्प कोण आहे?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘कमी शब्द म्हणजे दुःख’ असं समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं असतं. वास्तविक कमी शब्दांमागे किमान चार वेगवेगळी कारणं सापडतात. पात्राला बोलता येत नाही. पात्राला बोलायचं नाही. निवेदकाला निवाडा द्यायचा नाही. किंवा निवेदकालाच पर्वा नाही, म्हणजे पंचनाम्याच्या भाषेत क्रौर्य सांगणं. पहिल्यात वाचकाला पाझर फुटतो, शेवटच्यात अंगावर काटा येतो. विनोदी कथाही कोरड्या चेहऱ्यानं, मोजक्या शब्दांत सांगितलेली असू शकते. आपल्या कथेत यातलं कुठलं, ते नावानिशी लिहा. नुसतं ‘मौनाची भाषा’ म्हणून सोडून देणं म्हणजे उत्तर टाळणं.

दुसरी चूक म्हणजे सोपे शब्द आणि काटकसर एकच धरणं. सोप्या शब्दांत पानंच्या पानं पाल्हाळ लावता येतो. जड संस्कृत शब्दांतली कथाही अल्पाक्षरी असू शकते. शब्द किती अवघड हा प्रश्न इथे नाही. वाचकाला जे माहीत हवं असं वाटतं त्यातलं किती दिलं, हा आहे.

तिसरी चूक श्रेयाची. काटछाट नेहमी लेखकाचीच असते असं नाही. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर याचं नाव अल्पाक्षरी कथेसाठी हमखास घेतलं जातं. त्याच्या 1981च्या संग्रहातल्या कथा संपादक गॉर्डन लिश यानं जबर छाटल्या होत्या. मूळ हस्तलिखित 2009 मध्ये वेगळं छापलं गेलं. त्यातली अपघातात सापडलेल्या मुलाची कथा दोन्ही रूपांत वाचण्यासारखी आहे. छाटलेल्या रूपात शेवटी फोन वाजतो आणि मुलाचं काय झालं ते कळत नाही. लांब रूपात मुलगा जातो, आई-बाप रागानं, मुलाच्या वाढदिवसाच्या केकवरून सारखे फोन करणाऱ्या बेकरीवाल्याकडे पोचतात आणि तो त्यांना ताजा पाव खायला घालतो. एकात माणूस एकटा आणि भेदरलेला, दुसऱ्यात अनोळखी माणसाकडून मिळालेला आधार. शब्द कमी केल्यानं आशय अधिक तीव्र झाला, असं इथे म्हणता येत नाही. आशयच बदलला. म्हणून ‘लेखकानं हे गाळलं’ऐवजी ‘कथेत हे गाळलं आहे’ असं लिहिणं सुरक्षित.

अनुवादित कथेत तर आणखी जपावं. इंग्रजीत एकच ‘म्हणाला’ पुन्हा पुन्हा येतं. अनुवादक कंटाळा टाळायला ‘उद्गारला’, ‘कुजबुजला’, ‘खेकसला’ घालतो आणि मूळची कोरडी चाल जाते. मराठी अनुवादावरून मूळ लेखकाच्या वाक्यांची लांबी, विशेषणं, बोलण्याच्या शेपट्या यांबद्दल विधान करू नये. प्रसंगांची निवड, काय दाखवलं आणि काय दाखवलंच नाही, याबद्दल मात्र बिनदिक्कत बोला. ते अनुवादात सहसा टिकतं.

परिच्छेद बांधताना

एका मुद्द्याला एक परिच्छेद, ऐंशी ते दीडशे शब्दांचा. पहिल्या वाक्यात दावा: काय गाळलं आणि ते कुणाच्या मौनाशी जुळतं. मग अवतरण, जास्तीत जास्त दहा-बारा शब्दांचं. अल्पाक्षरी कथेतून पाच ओळी उतरवल्या की तिची निम्मी कथाच उतरवल्यासारखी होते. त्यानंतर अवतरणातल्या एका ठरावीक शब्दावर, प्रत्ययावर किंवा पूर्णविरामावर बोट ठेवायचं. शेवटी, ते वेगळं असतं तर काय बिघडलं असतं ते सांगायचं.

कच्चा परिच्छेद असा असतो: ‘लेखकाने छोट्या वाक्यांचा प्रभावी वापर केला आहे. त्यामुळे बापाचे दुःख वाचकाच्या मनाला चटका लावते. कमीत कमी शब्दांत मोठा आशय व्यक्त झाला आहे.’ यात उताऱ्यातला एकही शब्द नाही. बापाचं दुःख उताऱ्यात कुठे आहे तेही दाखवलेलं नाही, गृहीत धरलं आहे.

पक्का असा: ‘मुलाची शाळा सुटणार ही गोष्ट बाप बोलत नाही आणि निवेदकही बोलत नाही. ती कळते शिंप्याच्या वहीतून: “वहीतलं तीन खोडलं.” हे तीन त्यानं लिहिलं कधी, ते निवेदनात आलेलंच नाही, खोडताना पहिल्यांदा दिसतं. शिंप्यानं दोन वर्षांचा हिशेब न विचारताच धरला होता, मुलगा वाढेल आणि शाळेत जात राहील असा. बापाच्या एका वाक्यानं तो हिशेब रद्द होतो. निवेदकानं कारण सांगितलं असतं तर वाचकाला बापाची बाजू घ्यावी लागली असती किंवा त्याला दोष द्यावा लागला असता. कारण न दिल्यामुळे वाचक शिंप्याच्या जागी राहतो: समजलेलं, पण विचारता न येणारं.’

अशा तीन परिच्छेदांत दहा गुणांचं उत्तर पुरं होतं. चौथ्यासाठी जागा असली तर तो त्या दुसऱ्या, काही न घडणाऱ्या तुकड्यावर लिहा आणि तिथे वाक्यं जास्त लांब आहेत की तितकीच, ते अवतरणासकट दाखवा. परीक्षेत अवतरण नीट आठवत नसेल तर अवतरणचिन्हं देऊ नका, आशय आपल्या शब्दांत सांगा. अल्पाक्षरी कथेत एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी आपलाच मुद्दा कोसळतो. ‘मापाचीच’मधला ‘च’ विसरून ‘मापाची शिवा’ लिहिलं, की बाप आपलं मागच्या वर्षीचं म्हणणं मोडून काढतोय हे दिसत नाही, नुसती साधी सूचना उरते.